श्रूजबरीचें बिस्किट

गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर शाळा पुन्हां सुरू झाली, त्या दिवशीं एका विद्यार्थ्यानें पुण्याहून आणिलेला बिस्किटांचा पुडा आमच्यापुढें ठेविला. मुलें भोंवतीं जमलीं. पुडा उघडतांच लोण्याचा वास वर्गभर पसरला, आणि प्रत्येकाच्या हातीं एकेक वाटोळें, जाडसर, फिकट पिवळें बिस्किट आलें. तें तोंडांत घालतांच विरघळून गेलें, हें सांगावयास नकोच. तेवढ्यांत मागल्या बांकावरील एका मुलानें विचारिलें, "सर, ह्याला श्रूसबेरी कां म्हणतात?" एकानें सांगितलें कीं, तें बेकरीच्या पहिल्या मालकाचें नांव असावें. दुसरा म्हणाला, स्ट्रॉबेरीसारखें तें एखादें फळ असेल आणि त्याचा रस पिठांत घालीत असतील. तिसऱ्यानें, तें पुण्यांतील एका पेठेचें नांव आहे, असें ठासून सांगितलें. परंतु ती पेठ कोठें आहे, हें मात्र त्याला सांगतां येईना.

घंटा झाली आणि उत्तर राहून गेलें. तें येथें सविस्तर देण्याचें आम्हीं योजिलें आहे. एका लहानशा खाद्यपदार्थाच्या मागें केवढा इतिहास, केवढें शास्त्र आणि किती अज्ञात हातांचे श्रम दडलेले असतात, हें विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या ध्यानीं यावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

श्रूजबरी हें एका गांवाचें नांव आहे. इंग्लंडच्या पश्चिम भागांत श्रॉपशर नांवाचा परगणा आहे. त्याचें हें मुख्य ठिकाण. तें लंडनच्या वायव्येस सुमारें १५० मैलांवर असून वेल्सची सरहद्द तेथून अवघ्या नऊ-दहा मैलांवर आहे. सेव्हर्न नदीनें ह्या गांवाभोंवतीं असें वळण घेतलें आहे कीं, उत्तरेकडील एक अरुंद पट्टी सोडली तर गांव सर्व बाजूंनीं पाण्यानें वेढलेलें आहे. आणि ती उघडी पट्टी राखण्यासाठींच जणुं तेथें किल्ला उभा आहे. नदीवरील दोन पुलांचीं नांवें मोठीं अर्थपूर्ण आहेत. पूर्वेकडील पुलास 'इंग्लिश पूल' म्हणतात व पश्चिमेकडील पुलास 'वेल्श पूल' म्हणतात. वेल्सच्या डोंगराळ मुलुखांत विणलेलें लोंकरीचें कापड एका बाजूनें गांवांत येई, आणि येथील व्यापारी तें विकत घेऊन दुसऱ्या बाजूनें लंडनकडे पाठवीत. त्या व्यापारावर गांव संपन्न झालें. काळ्या लांकडी चौकटींचीं व पांढऱ्या भिंतींचीं त्या काळचीं घरें आजही तेथें पाहावयास मिळतात.

विद्यार्थ्यांना आवडेल अशीही एक गोष्ट ह्या गांवांत आहे. १५५२ सालीं स्थापन झालेली तेथील शाळा इंग्लंडांतील नामांकित शाळांपैकीं एक होय. उत्क्रांतिवादाचा प्रणेता चार्लस डार्विन १८०९ सालीं ह्याच गांवीं जन्मला व त्याच शाळेंत शिकला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ज्याची गांठ पडते तो रॉबर्ट क्लाइव्ह १७६१ पासून १७७४ सालीं मरेपर्यंत ह्याच गांवातर्फे पार्लमेंटाचा सभासद होता. गांवाच्या नांवाचा उच्चार 'श्रूजबरी' कीं 'श्रोजबरी' ह्याविषयीं खुद्द गांवकऱ्यांतच एकमत नाहीं. तेव्हां इतक्या दूर येऊन त्याचें 'श्रूसबेरी' झालें, ह्यांत नवल तें काय?

आतां बिस्किटाकडे वळूं. ह्या पदार्थाविषयींचा एक अत्यंत गोड पुरावा म्हणजे १६०२ सालचें एक पत्र होय. तें लिहिणारा एडवर्ड हर्बर्ट हा त्या वेळीं विशीच्या आंतबाहेरचा तरुण होता. पुढें तो फ्रान्सच्या दरबारीं इंग्लंडचा वकील झाला, 'लॉर्ड हर्बर्ट ऑफ चेर्बरी' ह्या नांवानें प्रसिद्धीस आला, आणि सत्य म्हणजे काय व तें ओळखावें कसें, ह्या विषयावर त्यानें १६२४ सालीं लॅटिन भाषेंत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. सुप्रसिद्ध कवि जॉर्ज हर्बर्ट हा त्याचा धाकटा भाऊ. एडवर्डाचा बाप लवकर वारल्यामुळें सर जॉर्ज मोर नांवाचे गृहस्थ त्याचे पालक नेमले गेले होते. ह्या पालकांस त्यानें श्रॉपशरहून श्रूजबरीचे केक भेट म्हणून धाडिले व सोबत पत्र लिहिलें. आमचा प्रांत आपणांस वाटतो तितका रानटी नाहीं, हें दाखवावें म्हणून आपण हें पक्वान्न पाठवीत आहों. आमच्याकडील साधीं माणसें तें खातात, आणि श्रूजबरीखेरीज इंग्लंडांत तें कोठेंही होत नाहीं, असें त्यानें त्यांत कळविलें. पुढें तो मोठ्या चतुराईनें सुचवितो कीं, आपल्या प्रेमाची परीक्षा ह्या पदार्थाच्या घडणीवरून करूं नये, कारण ती ठिसूळ आहे. ती त्याच्या आकारावरून करावी, कारण तो वर्तुळ आहे.

वर्तुळास आरंभ नाहीं आणि शेवटही नाहीं, हें भूमितीच्या तासाला आपण शिकलेलेच आहों. त्या तरुणानें त्याच गुणाचा येथें किती सुंदर उपयोग केला आहे! दूरच्या खेड्यांतून शहराकडे जाणारी भेट मौल्यवान् नसेल, परंतु ती आपल्या गांवची आहे, हा अभिमान त्या पत्रांत आहे. आणि त्यांतील एक गोष्ट वाचकांनीं विशेष लक्षांत ठेवावी. हर्बर्टानें कोणा एका प्रसिद्ध हलवायाचें नांव घेतलें नाहीं. हा पदार्थ त्यानें आपल्या मुलुखांतील सामान्य माणसांचा म्हणून सांगितला. ह्या गोष्टीचें प्रयोजन पुढें येईल.

वर आम्हीं 'केक' हा शब्द मुद्दाम वापरिला. 'बिस्किट' हा शब्द ज्या लॅटिन शब्दांपासून आला त्यांचा अर्थ 'दोनदां भाजलेलें' असा होतो. पूर्वीं जहाजावर महिनेच्या महिने टिकावीं म्हणून जीं बिस्किटें करीत तीं खडखडीत वाळवीत; तीं फोडावयास दांतांपेक्षां हातोडीच बरी, अशी खलाशांची थट्टा असे. श्रूजबरीचा पदार्थ एकदांच भाजावयाचा, म्हणून जुन्या पुस्तकांत त्याला केकच म्हटलें आहे. परंतु तो वाढदिवसाच्या केकासारखा फुगीर नव्हे. तो चपटा, पातळ व वाटोळा असे, म्हणून आज त्याला आपण बिस्किटच म्हणूं.

त्याची कृति कशी होती? 'द कम्प्लीट कुक' ह्या नांवाचें एक पाकशास्त्राचें पुस्तक लंडन येथें छापलें जाई. त्याच्या १६५८ च्या आवृत्तींत ही कृति सांपडते. तिचा सारांश असा: दोन पौंड मैदा भट्टींत वाळवून घ्यावा, आणि वजन वाळविल्यानंतर करावें. एक पौंड लोणी तास दोन तास गुलाबपाण्यांत ठेवून मग निथळून घ्यावें. पांच अंडीं, पाऊण पौंड साखर, आल्याचे म्हणजे सुंठीचे दोन तुकडे किसून, आणि चिमूटभर मीठ हें सर्व एकत्र मळावें. पोळी लाटून वाडग्याच्या कांठानें वाटोळे तुकडे पाडावे. त्यांवर लांकडी टोंचणीनें भोंकें पाडावीं. आणि घरांत कोरी, न वापरलेली फणी असेल तर काम झटपट होतें, म्हणून ती त्याहून बरी! शेवटीं भाजतांना फार वेळ ठेवूं नये, कारण भट्टींतून काढल्यावरही ताटाच्या उष्णतेनें तीं आणखी वाळतात.

फणीची सूचना वाचून आमच्या वर्गांत हंशा पिकला. परंतु कृति लिहिणाराची दृष्टि किती बारीक होती, हें पाहा. भोंकें पाडल्यानें आंतील वाफेला वाट मिळते आणि वरचा पापुद्रा फुगत नाहीं. वजन वाळविल्यावरच करावें, कारण दमट पिठांत पाण्याचेंही वजन येतें. भट्टीबाहेर काढल्यावरही पदार्थ शिजत राहतो, हें तर कित्येक सुगरणींनाही पदार्थ करपल्यावरच समजतें. पदार्थविज्ञानाची पुस्तकें शाळांत येण्यापूर्वींचें हें ज्ञान अनुभवानें मिळविलेलें आहे. गणिताच्या विद्यार्थ्यांनीं त्यांतील प्रमाणही काढून पाहावें. एक पौंड म्हणजे सोळा औंस. म्हणून मैदा ३२ औंस, लोणी १६ औंस व साखर १२ औंस, म्हणजे ८ : ४ : ३ असें प्रमाण पडतें. पिठाच्या निम्में लोणी! ह्या पदार्थाचें रहस्य ह्या एका आंकड्यांत आहे.

तें रहस्य आमच्या मातांना व भगिनींना नवीन नाहीं. करंज्या किंवा शंकरपाळे करितांना पिठांत कडकडीत तुपाचें मोहन घालतात. मोहन कमी पडलें तर शंकरपाळा दगडासारखा होतो. तें बेताचें पडलें तर तो खुसखुशीत होतो. असें कां होतें, हें समजावें म्हणून आम्हीं शाळेच्या प्रयोगशाळेंत एक प्रयोग केला. तो कोणालाही घरीं करितां येईल. मैद्याचे दोन सारखे भाग घेतले. एक भाग नुसत्या पाण्यांत चांगला मळला. दुसऱ्यांत आधीं भरपूर तूप चोळलें व मग थोडें पाणी घातलें. नंतर दोन्ही गोळे पाण्याखालीं धरून हळू हळू चोळले. पहिल्या गोळ्यांतून दुधासारखें पांढरें पाणी निघूं लागलें. तें पिठांतील सत्त्व, म्हणजे स्टार्च. तें सर्व निघून गेल्यावर हातांत एक करडी, चिवट, रबरासारखी ताणणारी वस्तु उरली. तिला ग्लूटेन म्हणतात. गव्हांतील प्रथिनें पाण्याशीं मिळून व मळल्यामुळें एकमेकांत गुंतून तिचें जाळें बनतें. पाव फुगतो व पोळी न तुटतां पातळ लाटतां येते ती ह्या जाळ्यामुळें. दुसरा गोळा मात्र पाण्यांत सुटा होऊं लागला आणि हातांत चिवट अंश फारच थोडा राहिला. तुपाचा पातळ थर पिठाच्या कणांभोंवतीं बसल्यानें पाणी त्यांपर्यंत नीटसें पोंचलें नाहीं, आणि जाळें अपुरेंच राहिलें.

श्रूजबरीच्या बिस्किटांतही हेंच घडतें. पिठाच्या निम्में लोणी हें मोठेंच मोहन झालें. म्हणून तें दांतांखालीं चिवट लागत नाहीं, तें कोसळतें. हर्बर्टानें ज्या ठिसूळपणाबद्दल लटकी क्षमा मागितली, तोच त्या पदार्थाचा खरा गुण. परंतु हा गुण खर्चाचा आहे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४० च्या जानेवारीपासून, इंग्लंडांत लोणी व साखर मापून मिळूं लागली, आणि पुष्कळ काळ एका माणसास आठवड्यास दोन औंस लोणी एवढाच वांटा होता. वरील कृतीला लागणारें सोळा औंस लोणी म्हणजे एका माणसाचा आठ आठवड्यांचा सांठा! लोण्यावरील हें बंधन १९५४ सालीं उठलें. तोंवर अशा बिस्किटांची चव घरोघरीं किती जपून घ्यावी लागली असेल, ह्याची कल्पना करावी.

ठिसूळपणाला इंग्रजींत 'शॉर्ट' असा शब्द आहे. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ 'तुटक बोलणारा' असाही होतो. ह्या श्लेषावर विल्यम कॉन्ग्रीव्ह ह्या नाटककारानें १७०० सालच्या 'द वे ऑफ द वर्ल्ड' ह्या नाटकांत एक विनोद साधला आहे. श्रॉपशरहून एक भाऊ लंडनला येतो. तेथें शहरी झालेला त्याचा सावत्र भाऊ मित्रमंडळींत बसलेला असतो आणि गांवाकडच्या ह्या भावास ओळखच देत नाहीं. तो चिडतो, तेव्हां शहरी भाऊ म्हणतो कीं, तूं श्रूजबरीच्या केकाइतका 'शॉर्ट' झालास तरी चालेल. पण शहरांत नातलगांस ओळखणें हें कांहीं शिष्टसंमत नव्हे. प्रेक्षक हंसत असतील. परंतु आमच्या मतें हा विनोद अंगाला झोंबणारा आहे. शिकून मोठ्या शहरांत गेल्यावर गांवाकडून आलेल्या काकांची ओळख मित्रांपुढें सांगावयास संकोचणारे तरुण केवळ लंडनांतच होते, असें नव्हे. १६०२ सालीं एका तरुणानें गांवच्या केकाची भेट अभिमानानें पाठविली. १७०० सालच्या नाटकांत त्याच केकाच्या नांवानें गांवच्या भावास टोमणा मारला गेला. पदार्थ तोच, परंतु मनाची घडण निराळी.

ह्या विनोदावरून आणखी एक गोष्ट सिद्ध होते. लंडनच्या नाटकगृहांतील सामान्य प्रेक्षकालाही श्रूजबरीचा केक ठिसूळ असतो हें ठाऊक होतें. नाहींतर श्लेष कळलाच नसता. म्हणजे १७०० पर्यंत त्याची कीर्ति सर्वत्र पसरली होती. हें ध्यानांत ठेवून आपण श्रूजबरीच्या कासल स्ट्रीट नांवाच्या रस्त्यावर जाऊं. तेथें एका दुकानावर एक पाटी लाविलेली आहे. ह्याच जागेवरील इमारतींत पेलिन यानें १७६० सालीं स्वतःच्या मूळ कृतीनें श्रूजबरीचे अपूर्व केक प्रथम केले, असा तिचा आशय आहे. एकोणिसाव्या शतकांत रिचर्ड बॅरम (१७८८–१८४५) ह्या विनोदी कवीनें आपल्या एका कवितेंत ह्या पेलिनचा मोठ्या थाटानें गौरव केला, आणि त्यामुळें त्याचें नांव अधिकच दुमदुमलें.

पाटी वाचून येणारा प्रवासी सहजच समजेल कीं, हा पदार्थ पेलिननें शोधून काढला. परंतु आपल्यापाशीं १६०२ चें पत्र आहे. तें पाटीवरील सालापेक्षां १५८ वर्षांनीं जुनें आहे. छापील कृति १०२ वर्षांनीं जुनी आहे. मग पाटी खोटें बोलते काय? पुन्हां एकदां लक्षपूर्वक वाचा. पेलिननें 'स्वतःच्या कृतीनें' केक प्रथम केले, एवढेंच ती म्हणते. त्याची कृति त्याची स्वतःची असेल, आणि ती उत्तमही असेल. जगांतील पहिला श्रूजबरी केक त्यानें केला, हा अर्थ पाटींत नाहीं. तो वाचणाराच्या मनांत आहे. इतिहासाच्या अभ्यासकानें ही संवय लावून घ्यावी. लेख दगडावर कोरलेला असो वा पुस्तकांत छापलेला असो, तो नेमकें काय सांगतो व आपण त्यांत काय भरतों, हें वेगळें करावें. आणि मग त्याची दुसऱ्या पुराव्याशीं गांठ घालावी.

आमच्या वर्गांतील मुलानें 'तें पहिल्या मालकाचें नांव असावें' असें सांगितलें होतें, तें आठवतें ना? मनुष्याच्या मनाची ओढच अशी आहे. कोणतीही चांगली वस्तु दिसली कीं, ती निर्माण करणारा एक पुरुष आपणांस हवा असतो. परंतु श्रूजबरीचें बिस्किट कोणा एकाचें नव्हे. पेलिनच्या पूर्वीं शेंदीडशें वर्षें ज्यांनीं पीठ वाळविलें, लोणी घुसळलें व भट्टीपुढें घाम गाळिला, त्यांच्या नांवाची पाटी कोठेंही नाहीं. हर्बर्टानें त्यांना 'आमच्याकडील माणसें' म्हटलें, तेवढाच काय तो त्यांचा उल्लेख.

अज्ञात हातांची ही मालिका श्रूजबरीच्या वेशीपाशींही थांबत नाहीं. आलें इंग्लंडच्या थंड हवेंत उघड्या शेतांत पिकत नाहीं, आणि ऊंसही नाहीं. १६५८ च्या कृतींतील साखर समुद्रापलीकडून येत असे. १६४० नंतर इंग्रजांनीं वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर उंसाचे मोठमोठे मळे केले, आणि तेथें आफ्रिकेंतून पकडून नेलेल्या गुलामांकडून काम करविलें. इंग्लंडच्या चहाची व केकांची गोडी पुढें दीडशें वर्षांहून अधिक काळ त्या दुःखी जीवांच्या श्रमांवर वाढली. ज्यांना हें सहन झालें नाहीं, तींही माणसें इंग्लंडांतच होतीं. डार्विनचे आजोबा जोसाया वेजवुड हे प्रख्यात कुंभकार होते. त्यांनीं १७८७ सालीं शृंखलांनीं जखडलेल्या, गुडघे टेकून न्याय मागणाऱ्या गुलामाचें चित्र असलेलीं पदकें आपल्या कारखान्यांत करविलीं. १७९१ पासून हजारों कुटुंबांनीं वेस्ट इंडीजची साखर खाणें सोडलें. कित्येकांनीं गुलामांच्या श्रमाची नव्हे म्हणून हिंदुस्थानांतून येणारी साखर पसंत केली. गुलामांचा व्यापार १८०७ सालीं कायद्यानें बंद झाला, आणि १८३३ च्या कायद्यानें ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी १८३४ पासून रद्द ठरली. त्यानंतर त्याच उंसाच्या मळ्यांकरितां करारानें बांधलेले मजूर हिंदुस्थानांतून नेण्यांत आले. मॉरिशस बेटावर गेलेल्यांत आपलीं मराठी माणसेंही होतीं, आणि त्यांचे वंशज आजही तेथें मराठी भाषेचें व सणांचें जतन करितात. बिस्किटाच्या एका घांसांत हें सर्व असतें असें म्हटलें तर तें काव्य नव्हे, हिशेब आहे.

आतां पुन्हां आपल्या पुड्याकडे येऊं. पुण्याच्या लष्कर भागांत ईस्ट स्ट्रीटवर १९५५ सालीं एका इराणी कुटुंबानें कयानी बेकरी सुरू केली. इराणांतून आलेल्या अशा कुटुंबांनीं मुंबई-पुण्याच्या जीवनांत चहा, मस्का-पाव व बिस्किटें ह्यांची जी भर घातली, ती आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. ह्या बेकरीमुळें 'श्रूसबेरी' हें नांव महाराष्ट्रांत इतकें रूढ झालें कीं, पुण्याहून येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवींत बाकरवडीच्या शेजारीं हा पुडा असावयाचाच. इतर बेकऱ्याही त्याच नांवानें बिस्किटें करूं लागल्या.

परंतु हें बिस्किट १६५८ च्या पुस्तकांतील नव्हे. त्यांत सुंठ नाहीं, गुलाबपाणी नाहीं. तें जुन्या केकाहून जाड आहे. मग तें खोटें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. इंग्लंडांतही ही कृति एक राहिली नाहीं. कोणी सुंठीऐवजीं जायफळ वा दालचिनी घातली, कोणी लिंबाची साल किसून घातली, कोणी बेदाणे घातले. श्रूजबरीखेरीज हें कोठें होत नाहीं, असें हर्बर्ट १६०२ सालीं लिहूं शकला. परंतु ज्या दिवशीं कृति लंडनांत छापली गेली, त्या दिवसापासून ती जो करील त्याची झाली. पेलिननें ती आपल्या परीनें बदलली, तशीच पुण्याच्या इराण्यांनींही बदलली. जें टिकलें तें पाहा: लोण्याचा भरपूर हात, दांतांखालीं कोसळणारा ठिसूळपणा, आणि वाटोळा आकार. चौथीही एक गोष्ट टिकली, आणि तिचेंच आम्हांला सर्वांत अधिक कौतुक वाटतें. हर्बर्टानें आपल्या गांवची खूण म्हणून तें आपल्या पालकांस पाठविलें होतें. आमच्या विद्यार्थ्यानेंही पुण्याची खूण म्हणूनच तें आमच्यासाठीं आणिलें. चारशें वर्षें गेलीं, सात समुद्र ओलांडले, साहित्य बदललें, उच्चारही बदलला. परंतु 'हें आमच्याकडचें, तुमच्यासाठीं आणिलें' हा त्याचा अर्थ बदलला नाहीं.

तेव्हां मागल्या बांकावरील आमच्या मित्रास उत्तर असें कीं, श्रूसबेरी हें मालकाचें नांव नव्हे, फळाचें नव्हे, आणि पेठेचेंही नव्हे. तें सेव्हर्न नदीच्या वळणांत वसलेल्या एका गांवाचें नांव आहे. तेथील साध्या माणसांनीं केलेला पदार्थ एका तरुणाच्या प्रेमानें गांवाबाहेर पडला आणि फिरत फिरत आपल्या वर्गापर्यंत आला. आपल्या हातीं येणाऱ्या प्रत्येक चांगल्या वस्तूविषयीं, ही कोठली, कोणीं केली व कोणाच्या श्रमांनीं आली, असें विचारण्याची संवय आमच्या विद्यार्थ्यांनीं लावून घ्यावी. सर्व नांवें कळणार नाहींत. परंतु ज्यांचीं नांवें कळलीं नाहींत तेही होते, एवढें तरी विसरलें जाणार नाहीं.

आणि पुढील सुटीनंतर जो कोणी पुडा घेऊन येईल, त्याला आमची एक विनंति आहे. ज्यानें प्रश्न विचारिला, त्या मुलास एक बिस्किट अधिक द्यावें.